हरेगावची वाट: बिनपगारी महिन्यांतले पाच दिवस

हे लिहितोय तेव्हाही मला नोकरी लागलेली नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी काय झालं याची वाट बघत कोणी वाचणार नाही.

चाकणजवळच्या एका कारखान्यात मी चौदा वर्षं क्वालिटीत होतो. जानेवारीतल्या एका शुक्रवारी आम्हा अकरा जणांना वर बोलावलं, हातात पाकिटं दिली आणि नेहमीच्या बसने घरी पाठवलं. त्यानंतर आठ महिने मी रोज सकाळी आठला डबा घेऊन घराबाहेर पडत होतो. जिन्यात तळमजल्यावरचे काका भेटायचे. "निघालात का?" "हो, निघालो." मग दिवसभर वाचनालय, बाग, कधी नुसता बसथांबा. संध्याकाळी सहाला परत. बायको नर्स आहे, तिला सगळं माहीत होतं. सोसायटीत कोणालाही नव्हतं.

आम्ही पिढीजात ख्रिस्ती. माझ्या पणजोबांच्या आधीपासून आमचं घराणं नगर भागातल्या मंडळीत आहे. पण माझ्यापुरतं बोलायचं तर नाताळ, उत्तम शुक्रवार आणि लग्नकार्य, एवढ्यालाच मी चर्चमध्ये दिसायचो. नोकरी गेल्यावर तेही सुटलं. उपासना संपली की अंगणात सगळे विचारतात, "काय, कसं चाललंय काम?" त्या एका प्रश्नासाठी मी आठ महिने देवाच्या घरात पाऊल टाकलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी श्रीरामपूरच्या मावशीचा फोन आला. ती लग्नानंतर कॅथलिक घरात गेली, आणि येशूच्या आईला, मारियेला, तिकडे मतमाउली म्हणतात. "हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जायचंय रे. गुडघ्यांनी छळलंय. तू येशील का सोबत? तुला आता वेळ आहे ना." बायकोने तिला सांगितलं होतं हे त्या शेवटच्या वाक्यावरून कळलं. राग आला, लाजही वाटली. बायको एवढंच म्हणाली, "जा. आणि जाताना केडगावला उतर. माझी आजी तिथल्या मुक्तीत, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, वाढली, एकदा बघून ये. घाईने परत येऊ नकोस."

बुधवार: पुणे ते केडगाव

दौंडकडे जाणारी सकाळची लोकल पकडली. हडपसर, लोणी, उरुळी, यवत सोडल्यावर पावसाने जोर धरला आणि खिडकीबाहेर नुसता ऊसच ऊस. केडगावला उतरलो तेव्हा पाऊस थांबून हवेत गुऱ्हाळाचा वास पसरला होता. कढईत काकवी उकळत असली की येतो तो गोड, धुरकट वास. हा सगळा पट्टा गुळाचा.

इथे एक सांगून ठेवतो: मुक्ती मिशनचं केडगाव म्हणजे दौंड तालुक्यातलं, पुणे–दौंड रेल्वेमार्गावरचं. नगर शहराला लागूनही एक केडगाव आहे आणि रिक्षावाले, नकाशे, नातेवाईक सगळे घोळ घालतात. तिकीट काढताना खात्री करून घ्या. आणि मुक्तीत मुली, बायका, वयस्क माणसं राहतात, ते त्यांचं घर आहे. आधी फोन करून, परवानगी घेऊनच जा, आणि फोटो काढण्यापूर्वी विचारा.

पंडिता रमाबाईंबद्दल शाळेत चार ओळी वाचल्या होत्या. १८५८चा जन्म, संस्कृतच्या विदुषी, कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली पदवी. कोवळ्या वयात त्यांच्यावर काय गुजरलं ते मात्र मला नीट माहीत नव्हतं. वडील पुराणिक. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात पुराण ऐकून दक्षिणा देणारं कोणी उरलं नाही. भीक मागायला मन घेईना, आणि दुसरं कुठलं काम हाताला शिकवलेलं नव्हतं. आई, वडील, बहीण एकामागोमाग गेले. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी देश तुडवत राहिले. कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून हे ऐकताना मी हातातल्या डब्याकडे बघत होतो. काम गेलेल्या घराची ही गोष्ट होती, आणि ती मी आजवर विदुषीची गोष्ट म्हणून वाचत आलो होतो.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, मग ते पुण्याला आणलं. १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर ही वसाहत उभी राहिली. इथे मुली शेती, विणकाम, तेलघाणा, छपाई असं सगळं शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, सोप्या मराठीत आणलं, आणि त्याचे छपाईचे खिळे इथल्याच बायकांनी जुळवले. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंत त्यांनी देवाकडे मुदत मागितली होती असं इथे सांगतात.

पण मला घरी घेऊन जाण्यासारखं मिळालं ते ओसरीत. एक आजी सतरंजीवर बसून तांदूळ निवडत होत्या. जवळ गेल्यावर कळलं, त्यांना दिसत नाही. परातीत तांदूळ पसरलेला, चार बोटं एका लयीत पुढे जातात, मध्येच थांबतात, चिमटीत खडा येतो आणि शेजारच्या स्टीलच्या वाटीत पडतो. टण्. पुन्हा बोटं पुढे. मी चौदा वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली आहेत. मायक्रॉनमध्ये फरक दाखवणारी यंत्रं हाताळली आहेत. एवढी शांत तपासणी मी कुठे पाहिली नव्हती.

"कोण उभं आहे?" त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं, बायकोच्या आजीचं सांगितलं.

"काय करता तुम्ही?"

आठ महिन्यांत या प्रश्नावर मी डझनभर उत्तरं तयार केली होती. त्यांतलं एकही बाहेर आलं नाही. "काही नाही, आजी. नोकरी गेली."

"मग रिकामेच आहात ना? बसा." आणि त्यांनी परात दोघांच्या मध्ये सरकवली.

तासभर बसलो. फारसं बोलणं झालं नाही. त्या मध्येच एखादं भजन गुणगुणायच्या, मध्येच म्हणायच्या, "हळू. घाई केली की खडा राहतो." माझ्या वाटीत सात खडे पडले, त्यांच्या वाटीत किती ते मोजले नाहीत. उठताना त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि मोठ्याने प्रार्थना केली. त्यात माझ्या नोकरीचा उल्लेखच नव्हता. "प्रभू, हा तुझा आहे, त्याला आठवण दे," एवढंच. माझ्यासाठी कोणीतरी असं नाव घेऊन काही मागितल्याला किती वर्षं झाली होती ते मला आठवेना.

गुरुवार: दौंडमार्गे नगर

केडगावहून दौंड आणि दौंडहून मनमाडकडे जाणारी गाडी. दौंडला दीड तास थांबावं लागलं, बाकी त्रास नाही. श्रीगोंदा रोड, विसापूर, सारोळा अशी स्टेशनं मागे टाकत दुपारी नगरला. आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण मामांच्या तोंडी नगरच, म्हणून माझ्याही.

मामा निवृत्त शिक्षक. दारात गाठल्या गाठल्या म्हणाले, "जय ख्रिस्त! बारीक झालास." मामींनी येसर आमटी, बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा वाढला. बाहेर पाऊस, आत चुलाणासारखी तिखट आमटी. जेवताना कोणीही कामाचं विचारलं नाही, आणि ते ठरवून विचारत नाहीत हे मला कळत होतं. शेवटी मीच सांगितलं. काल एकदा बोललो होतो, आज दुसऱ्यांदा बोलणं थोडं सोपं गेलं.

मामा गप्प बसले आणि मग म्हणाले, "टिळक आगगाडीत कशाला बसले होते ठाऊक आहे का तुला?"

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक परदेशी मिशनरी भेटला, त्याने त्यांच्या हाती शास्त्र दिलं, आणि १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. संडेस्कूलला आम्ही हे ऐकलं ते चमत्काराच्या चालीवर. "पण ते चालले होते कशाला?" मामा म्हणाले. "नोकरी शोधायला! नागपूरचं काम संपलं होतं. राजनांदगाव संस्थानात काही मिळतंय का ते बघायला निघाले होते. बायको, घर, सगळं टांगणीला. आपण गोष्ट सांगताना तेवढं गाळतो." आणि हेच टिळक पुढे १९१७ साली मिशनचा बांधलेला पगार आपणहून सोडून बाहेर पडले, हेही मामांनीच सांगितलं.

संध्याकाळी गल्लीतल्या एका घरी प्रार्थनासभा होती. टाळ, पेटी, एक ढोलकी, आणि भजनं अभंगाच्या चालीची. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं एकादशीचं भजन चाललंय. नगरच्या ख्रिस्ती माणसाला यात काही वेगळं वाटत नाही, ही आमची गाण्याची रीतच आहे. साक्ष देण्याची, म्हणजे देवाचा आपला अनुभव सगळ्यांपुढे सांगण्याची वेळ आली तेव्हा मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्या दिवशी तेवढं धैर्य नव्हतं.

शुक्रवार: नगर, आणि चौकातली माणसं

नगरला एक दिवस तरी काढा. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनची माणसं इथे आली. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक इथूनच निघू लागलं. सिंथिया फॅरार बाईंनी इथे मुलींना शिकवलं, आणि सावित्रीबाई फुल्यांनी त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. ह्यूम मेमोरियल चर्च सकाळी लवकर गाठा, तेव्हा तिथली शांतता अंगावर येत नाही, अंगात उतरते. मी मागच्या बाकावर बसलो. आठ महिन्यांनी चर्चमध्ये आलो होतो आणि अंगणात प्रश्न विचारायला कोणी नव्हतं.

परत येताना सकाळचे साडेआठ झाले होते. एका चौकात मजूर अड्डा भरला होता. शंभरेक माणसं असतील. रंगाऱ्यांचे ब्रश फडक्यात गुंडाळलेले, गवंड्यांच्या पिशवीतून थापीची मूठ बाहेर डोकावणारी, बायकांच्या हातात गाठ मारलेली भाकरी. मोटारसायकलवरून ठेकेदार येतो, बोटं दाखवतो, "दोन बिगारी, एक गवंडी." पाच-सहा जण पुढे धावतात, तिघे जातात, बाकीचे पुन्हा कठड्याला टेकतात.

मी समोरच्या टपरीवर चहा घेत उभा राहिलो. का ते सांगता येत नाही, पण तिथून पाय निघेना. अकरा वाजेपर्यंत गर्दी पांगली. आठ-दहाच उरले. त्यांत एक साठीचा गवंडी. पायाशी पिशवी, पिशवीवर ओळंबा व्यवस्थित दोरी गुंडाळून ठेवलेला. मी त्यांना चहा दिला.

"अकरा वाजले, बाबा. आता कोण येणार?"

"येतं कधी कधी एखादं. कोणाचा गवंडी दुपारून पळून जातो."

"आणि नाही आलं तर?"

त्यांनी चहा संपवला, पेला उलटा करून ठेवला. "घरी जाऊन तरी काय? इथं उभा राहिला म्हंजी माणूस दिसतो तरी. घरी बसल्यावर कुणाला ठावं, हाय का मेला."

मी मामांकडे परतलो आणि बायबलमधला मत्तयाचा विसावा अध्याय काढला. द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला. धनी पहाटे माणसं लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी पाच वाजता बाजारात जाऊन उरलेल्यांना विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? ते सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. त्यांनाही तो मळ्यात पाठवतो, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच एक दिनार ठेवतो.

लहानपणापासून मी या दाखल्यात पहाटेपासून राबलेल्यांच्या बाजूने उभा राहिलो आहे. त्यांची कुरकुर मला रास्त वाटायची. चौदा वर्षं वेळेवर पंच करणारा माणूस दुसऱ्या कोणाच्या बाजूने उभा राहणार! त्या दुपारी पहिल्यांदा मी पाच वाजताच्या माणसांच्या रांगेतून तो वाचला. आणि एक गोष्ट दिसली जी कधीच दिसली नव्हती. पगार वाटायला धन्याचा कारभारी आहे. पण अड्ड्यावर माणसं शोधायला कारभारी जात नाही. धनी स्वतः जातो. पहाटेपासून पाच वेळा. पाच वाजता मळ्यात असं काय मोठं काम उरलेलं असणार? तरी तो गेला, कारण कोणी तिथे उभं असेल असं त्याला वाटलं.

आणि मी आठ महिने अड्ड्यावर उभाच नव्हतो. मी डबा घेऊन लपत होतो, माणसांपासून आणि त्याच्यापासूनही.

मामींनी चहाला हाक मारली तेव्हा माझे डोळे भरलेले होते. त्यांनी काही विचारलं नाही. कप ठेवला आणि पंखा वाढवून गेल्या.

शनिवार: श्रीरामपूर ते हरेगाव

तारकपूर स्थानकावरून सकाळची एसटी. राहुरी, देवळाली प्रवरा, बेलापूर, श्रीरामपूर. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी: श्रीरामपूर शहराच्या स्टेशनचं नाव बेलापूर आहे. तिकीट काढताना श्रीरामपूर शोधत बसू नका, आणि नवी मुंबईच्या बेलापूरशी गल्लतही करू नका. यात्रा सप्टेंबरात, मारियेच्या जन्मदिनाच्या म्हणजे ८ तारखेच्या आसपास भरते. त्याआधी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालते. नक्की दिवस दरवर्षी आधी विचारून घ्यावा. त्या दोन दिवसांत श्रीरामपुरात राहायला जागा मिळणं कठीण, तेव्हा नातेवाईक नसतील तर लवकर सोय करा.

मावशी काठी, चटई, दोन डबे आणि मेणबत्त्यांचं पुडकं घेऊन तयारच होती. ठरलं असं की तिने बहुतेक वाट टेम्पोतून यायचं आणि शेवटचा टप्पा माझ्या हाताला धरून चालायचा. मी श्रीरामपुरापासून पायी निघालो.

वाट आठ-दहा किलोमीटरची, सपाट, दोन्ही बाजूंना ऊस. हा मुलूख भंडारदऱ्याच्या पाण्यावर हिरवा झाला. १९२६ साली ते धरण पुरं झालं आणि प्रवरेचे कालवे इथवर आले. त्या दिवशी सगळा रस्ता माणसांनी भरला होता. संभाजीनगर, जालना, नाशिक भागातून चालत आलेल्या दिंड्या, निळ्या-पांढऱ्या पताका, ट्रॅक्टरवर फुलांनी सजवलेली मारियेची मूर्ती, जपमाळेची प्रार्थना आणि मध्येच हलगी. कपाळाला कुंकू लावलेल्या कितीतरी बायका होत्या. मतमाउलीला नवस बोलताना कोणी धर्म विचारत नाही.

मी प्रोटेस्टंट घरात वाढलो. नवस, मूर्ती, मारियेपुढच्या मेणबत्त्या हे आमच्याकडे नाही, आणि आजही मी तसा नवस बोलणार नाही. पण त्या वाटेवर चालताना कोणाचं चुकतंय हे ठरवण्याची मला गरज वाटली नाही. पोटात दुःख घेऊन चालणारी माणसं होती ती, आणि मी त्यांच्यातलाच एक होतो.

अर्ध्या वाटेवर एक गृहस्थ बरोबर चालू लागले. पन्नाशीचे, मूळ हरेगावचेच. गाव जवळ आलं तसं त्यांनी हाताने दाखवलं, "कारखाना." इंग्रजांच्या काळात बेलापूर कंपनीने उभा केलेला हरेगावचा साखर कारखाना बंद पडून आता कित्येक वर्षं झाली. त्यांचे वडील त्यात कामाला होते.

"बंद पडला तेव्हा मी शाळेत होतो," ते म्हणाले. "बाप रोज सकाळी डबा घेऊन गेटपाशी जायचा. गेट बंद. तिथं बसायचा. दुपारी डबा खायचा आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचा."

माझ्या तोंडाला कोरड पडली. "मग?"

"आईला कळलं. ती भांडली नाही. एक दिवस दोघांची भाकरी एकाच फडक्यात बांधली आणि त्याच्यामागून गेली. दोघं गेटपाशी बसून जेवले. सगळ्या गावानं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून बाप गेटवर गेला नाही. लोकाच्या शेतात गेला." पुढे ते काही बोलले नाहीत, मीही नाही. दोघंही बराच वेळ नुसते चालत राहिलो. मग दिंडीतल्या कोणीतरी त्यांना हाक मारली आणि ते पुढे गेले.

संध्याकाळी मावशीला टेम्पोतून उतरवून घेतलं. ती माझ्या खांद्यावर भार टाकून चालली. दर पन्नास पावलांवर थांबायची, "माउली" म्हणायची आणि पुन्हा पाऊल टाकायची. मैदानात पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मेणबत्त्यांच्या उजेडात तिचा चेहरा मला माझ्या आईसारखा दिसला. दोघी बहिणी, पण हे साम्य मी कधी पाहिलंच नव्हतं. आई जाऊन सहा वर्षं झाली.

रात्री मैदानातच चटई टाकली. मावशीने डबे उघडले: भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. शेजारच्या चटईवर जालन्याकडचं एक कुटुंब होतं, त्यांनी आम्हाला गोडीशेव दिली, आम्ही त्यांना भरीत. त्यांच्या लेकीचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. बाराच्या सुमारास भुरभुर पाऊस आला. सगळ्यांनी एक मोठा प्लास्टिकचा कागद डोक्यावर धरला, माझ्या हातात एक कोपरा, जालन्याच्या दादांच्या हातात दुसरा.

तसा कोपरा धरून बसलो असताना मी प्रार्थना केली. मोठी नाही. शब्दही धड नव्हते. जानेवारीपासून मी देवाकडे नोकरी मागत होतो, म्हणजे मनातल्या मनात त्याच्याशी हिशेब करत होतो: इतकी वर्षं कोणाचं वाईट केलं नाही, मग माझ्याच वाट्याला हे का? त्या रात्री हिशेब नव्हता. मी एवढंच म्हणालो, मी इथे उभा आहे. जे काम देशील ते दे. पाच वाजले असले तरी चालेल.

आकाश फाटलं नाही, कुठला आवाज आला नाही. पाऊस थांबला, मावशी घोरत होती, आणि छातीवरचं जे ओझं घेऊन मी आठ महिने झोपत होतो ते नव्हतं. ज्यांच्यावर असं ओझं असेल त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

रविवार: यात्रा आणि परत

सकाळी मोठी मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना. मराठीतलं गायन, हजारो माणसं एकदम गुडघ्यावर. नंतर मावशीच्या ओळखीच्या एका सिस्टरने मला पाण्याच्या टाकीवर नेलं. एका नळाचे आटे झिजून पाणी सतत वाहत होतं, खाली सगळा चिखल. दुकानातून टेफलॉन टेप आणली, तोटी काढली, सात-आठ वेढे नीट ताणून दिले आणि परत बसवली. गळती थांबली. मग दुपारी दोनपर्यंत तिथेच थांबलो, ग्लास भरून देत. चौदा वर्षांत हजारो नग पास केले असतील, ते वापरणाऱ्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता. इथे प्रत्येक ग्लासामागे एक चेहरा होता.

जाणाऱ्यांसाठी थोडं: चपला जुन्या आणि पक्क्या घाला, पाऊस धरून चाला, प्लास्टिकचा मोठा कागद विसरू नका. गर्दीत फोन लागत नाही, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. वयस्क माणसांना शनिवारी दुपारीच पोचवा, रविवारी सकाळी वाट मिळत नाही. परतीला एसटीच्या जादा गाड्या असतात, पण रांगेत दीड-दोन तास धरून चला.

मावशीला घरी सोडून संध्याकाळी बेलापूर स्टेशनवरून पुण्याची गाडी धरली. निघताना तिने हातात पेरू ठेवले आणि म्हणाली, "वेळ आहे ना, असं मी बोलले त्या दिवशी. लागलं का तुला?" मी म्हटलं, "लागलं. बरं झालं बोललीस."

सोमवार

सकाळी आठला सवयीने जाग आली. बायकोची ड्यूटी होती, मी दोघांचा डबा भरला, तिला खाली सोडायला गेलो. काका जिन्यातच होते.

"निघालात का?"

"नाही, काका. माझी नोकरी गेली आहे. जानेवारीतच गेली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला. "माझा मुलगा मार्चपासून घरी आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "कोणाला सांगितलेलं नाही आम्ही. चहा घेता का?"

आता दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही पाच जण बसतो. पाळकसाहेबांनी किल्ली दिली आहे. जाहिराती वाटून घेतो, एकमेकांचे अर्ज तपासतो. आयटीआयची दोन पोरं येतात, त्यांना मी व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही मापाची साधनं कशी वाचायची ते शिकवतो. शेवटी दहा मिनिटं एक वचन आणि प्रार्थना. काकांचा मुलगाही येतो. तो ख्रिस्ती नाही. प्रार्थना सुरू झाली की उठून बाहेरच्या बाकावर बसायचा. गेल्या गुरुवारी पाऊस होता, म्हणून आतच बसला.